आमच्या फुटबॉल क्लबचा पुढचा मॅनेजर (संघ निवडणारा आणि खेळवणारा मुख्य माणूस) कोण व्हावा यावर फॅन्समध्ये जुंपली आहे. नेमकं कोणाचं बरोबर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मॅनेजरची हकालपट्टी झाली आहे, हंगामी माणूस संघ सांभाळतो आहे आणि बरे निकालही येत आहेत. फॅन्समध्ये तीन तट पडले आहेत. एकाला मोठं नाव हवं आहे, दुसऱ्याला क्लबचा जुना लाडका खेळाडू, तिसऱ्याला कुठल्यातरी लहान लीगमध्ये चमकलेला तरुण कोच. शिवाय हंगामी माणसालाच कायम करा म्हणणारेही आहेत. यातलं कोणाचं ऐकायचं?

मी मँचेस्टर युनायटेडवाला. या एका विषयात आमचा हात धरणारा कोणी नाही. २०१३ मध्ये आमचे मॅनेजर फर्ग्युसन निवृत्त झाल्यापासून आम्ही हे सगळे प्रकार करून बसलो आहोत. त्यावरून एक गोष्ट पक्की सांगतो: पुढचा कोण, या नावाखाली चाललेला वाद बहुतेक वेळा मागच्याबद्दलचाच असतो. मागच्याने जे दुखणं दिलं त्यावरचं औषध म्हणजे पुढचा मॅनेजर, असं फॅन्स समजतात. वाईट म्हणजे क्लबचे संचालकही तसंच समजतात.

आमचीच रांग बघा. फर्ग्युसन साडेसव्वीस वर्षं होते, तेव्हा त्यांच्यासारखाच टिकाऊ माणूस हवा म्हणून डेव्हिड मोयेस आले. तेही स्कॉटिश, एव्हर्टनमध्ये अकरा वर्षं काढलेले, आणि स्वतः फर्ग्युसननीच सुचवलेले. करार तब्बल सहा वर्षांचा. स्टँडमध्ये ‘द चोझन वन’ असा मोठा बॅनर झळकला. मार्च २०१४ मध्ये ॲस्टन व्हिलाविरुद्धच्या सामन्याच्या वेळी काही फॅन्सनी पैसे काढून मैदानावरून विमान फिरवलं, त्याच्या शेपटीला ‘राँग वन, मोयेस आउट’. गंमत म्हणजे त्या दिवशी आम्ही ४-१ जिंकलो आणि मैदानातल्या बऱ्याच लोकांनी हुर्यो उडवली ती विमानाची. तरी एप्रिल संपायच्या आत मोयेस गेले.

मोयेस लहान पडले असा निष्कर्ष निघाला, म्हणून मोठं नाव आणलं: लुई व्हान गाल. त्यांचा खेळ बघता बघता डोळे मिटायला लागले. चेंडू आडवाच फिरायचा. २०१६ मध्ये एफए कप जिंकून दिल्यावर दोनच दिवसांत त्यांना नारळ. आता जिंकून देणारा हवा, म्हणून मोरिन्यो. त्यांनी २०१७ मध्ये लीग कप आणि युरोपा लीग दिली खरी, पण ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांशी वाजलं. मग गोड स्वभावाचा, घरचा माणूस हवा, म्हणून ओले गुन्नर सोल्शायर. त्यांच्याकडे खेळाची ठाम पद्धत नाही अशी ओरड झाली, तेव्हा नेदरलँड्समधल्या आयॅक्समधून पद्धतीचा माणूस, एरिक टेन हाग. ते पद्धत बसवू शकले नाहीत, म्हणून त्याहून कट्टर पद्धतीचे रुबेन अमोरिम. प्रत्येक नेमणूक आदल्या नेमणुकीला दिलेलं उत्तर होती. ‘आत्ता हातात असलेल्या या वीस-पंचवीस खेळाडूंचं काय करायचं’ या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं.

अमोरिमचं उदाहरण जरा जवळून बघण्यासारखं आहे. स्पोर्टिंगमध्ये त्यांनी तीन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) आणि दोन विंगबॅक (कडेने बचाव आणि हल्ला दोन्ही करणारे) घेऊन पोर्तुगालची लीग जिंकली होती. हे क्लबला माहीत होतं, फॅन्सना माहीत होतं, त्यांनी स्वतः लपवलंही नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते आले तेव्हा आमच्याकडे त्या पद्धतीत पूर्ण लांबीची बाजू एकट्याने सांभाळेल असा डावखुरा विंगबॅक धड नव्हता. लूक शॉ सतत जायबंदी, म्हणून मूळचा उजवा दालो डावीकडे. मोसमाच्या मध्येच इटलीच्या लेच्चे क्लबकडून पॅट्रिक डोर्गूला विकत घ्यावं लागलं. विंगर (कडेने फक्त हल्ला करणारे) भरपूर होते, पण त्या मांडणीत विंगरना जागाच नव्हती. मोसम संपला तेव्हा आम्ही पंधरावे. त्यांच्या नावावर वाद घालताना ‘तरुण’, ‘देखणा’, ‘बोलतो छान’ हे सगळं आमच्यात बोलून झालं होतं. डावीकडून कोण पळणार हे विचारणारे फार थोडे.

याउलट लिव्हरपूलचं बघा. (युनायटेडवाल्याला हे लिहिताना त्रास होतो, पण असो.) जानेवारी २०२४ मध्ये त्यांचे मॅनेजर क्लॉपनी मोसमाअखेर जाणार म्हणून जाहीर केलं. फॅन्सनी एका सुरात शाबी अलोन्सोचं नाव घेतलं, आणि ते साहजिकच होतं: जुना लाडका खेळाडू, शिवाय त्याच मोसमात लेव्हरकुसेनला एकही सामना न हरता पहिलीवहिली बुंडेसलीगा (जर्मनीची लीग) मिळवून देणारा. तुमच्या तीन तटांपैकी दोन तट एका नावात. अलोन्सोनी मार्चमध्ये सांगून टाकलं की मी लेव्हरकुसेनमध्येच थांबतो. मग नेदरलँड्समधल्या फेयनूर्डचे आर्ने स्लॉट आले, आणि फॅन्सचा सूर ‘बघू या’ इतपतच होता.

स्लॉटनी काय मोडतोड केली? जवळपास काहीच नाही. ऑगस्टमध्ये बचावासमोर खेळणारा मिडफिल्डर म्हणून मार्टिन सुबिमेंदी हवा होता, त्याने यायला नकार दिला. तेव्हा आदल्या वर्षी बराच काळ बाकावर असलेल्या रायन ग्रावेनबर्खला त्यांनी ती जागा दिली. पाठीवर माणूस असताना चेंडू घ्यायचा आणि त्याच हालचालीत वळून पुढे निघायचं, ही त्याची खुबी. त्यामुळे संघाला मधून रस्ता मिळाला. पहिल्याच मोसमात, २०२५ च्या एप्रिलमध्ये, चार सामने राखून लीग खिशात. म्हणजे निवडणाऱ्यांनी माणूस शोधला तो हाती असलेल्या संघासाठी. आता हेही खरं की पुढच्या मोसमात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते लीगमधले सलग चार सामने हरले आणि लगेच कुजबुज सुरू झाली. तेव्हा स्लॉट कायमचे शहाणे ठरले असं माझं म्हणणं नाही. नेमताना विचार बरोबर होता, एवढंच.

जर्मनीच्या बायर्न म्युनिकचं त्याच उन्हाळ्यात याहून मजेशीर झालं. तिथले मॅनेजर टुखेल जाणार हे ठरलेलं. अलोन्सो नाही म्हणाले, नागल्समान जर्मनीच्या राष्ट्रीय संघाकडेच राहिले, रांगनिकनीही ऑस्ट्रिया सोडायला नकार दिला. शेवटी विन्सन कोम्पनी, ज्यांचं बर्नली नुकतंच प्रीमियर लीगमधून खाली घसरलं होतं. लोक हसले. पुढच्या वर्षी बायर्न चॅम्पियन. ‘आपल्याला चौथ्या पसंतीचा माणूस मिळाला’ म्हणून फॅन्स रडतात तेव्हा मला हे आठवतं. न्यूकॅसलनेही २०२१ मध्ये आधी उनाय एमरींना विचारलं होतं. ते नाही म्हणाल्यावर एडी हाऊ आले, आणि २०२५ मध्ये त्यांनी क्लबला सत्तर वर्षांनी देशातली मोठी ट्रॉफी मिळवून दिली.

मग फॅन्सना काही कळतच नाही का? तसं नाही. ‘हवा’ म्हणण्यात आपण कच्चे असतो, आणि ‘नको’ म्हणण्यातही जेव्हा निकष फक्त वलयाचा असतो तेव्हा. आर्सेन वेंगर १९९६ मध्ये जपानमधल्या क्लबातून आर्सेनलला आले तेव्हा ‘आर्सेन कोण?’ असं विचारलं गेलं. दोन वर्षांच्या आत लीग आणि एफए कप दोन्ही. रानिएरींना लेस्टरने नेमलं तेव्हा त्यांच्या नावावर ताजा डाग होता, ते कोच असताना ग्रीस मायदेशात चिमुकल्या फेरो बेटांकडून हरल्याचा. लेस्टरचाच जुना तारा गॅरी लिनेकर जाहीरपणे ‘खरंच?’ म्हणाला. २०१६ मध्ये त्याच लेस्टरने लीग जिंकली.

पण २०२१ चं टॉटनहॅम बघा. मॅनेजरपदासाठी गटूसोंशी बोलणी चालू आहेत म्हटल्यावर फॅन्स उसळले. विरोध खेळाच्या मांडणीवर नव्हता. स्त्रिया आणि समलिंगी विवाह याबद्दलची त्यांची जुनी विधानं लोकांना खटकली होती. बोलणी थांबली. माझ्या मते तिथे फॅन्सना बोलण्याचा पूर्ण अधिकार होता आणि क्लबने ऐकलं ते बरं केलं. आपल्या क्लबचा चेहरा कोण असावा हे फॅन्सइतकं कोणाला कळणार? त्यानंतर क्लबने नुनोंना आणलं आणि नोव्हेंबर उजाडताच काढलं, पण ते पाप फॅन्सचं नाही.

तुमच्यातला एखादा म्हणेल, मग फॅन्सनाच मत द्यायला लावा. बार्सिलोनात सभासद अध्यक्ष निवडतात. २०२१ च्या निवडणुकीत उमेदवार व्हिक्टर फाँट यांनी मॅनेजर म्हणून क्लबचा जुना खेळाडू शावीचं नाव पुढे करून प्रचार केला. सभासदांनी निवडलं लापोर्ता यांना, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शावी आले ते लापोर्तांच्याच कारकिर्दीत. तेव्हा तिथेही मत पडतं ते निवडणाऱ्याला. आपल्याकडे वाद मॅनेजरच्या नावावर होतो, पण स्पोर्टिंग डायरेक्टर (खेळाडूंची खरेदी आणि मॅनेजरची निवड बघणारा अधिकारी) कोण आहे, त्याने याआधी कोणते खेळाडू आणले, नवा माणूस नुसता कोच असणार की खरेदीतही त्याचा शब्द चालणार, यावर चकार शब्द नाही. चेल्सीने सप्टेंबर २०२२ मध्ये ग्रॅहम पॉटरसाठी ब्रायटनला दोन कोटी पौंडांहून जास्त भरपाई दिली, पाच वर्षांचा करार केला आणि एप्रिल लागताच त्यांना घरी पाठवलं. त्याच काळात दोन ट्रान्सफर विंडोंत (खेळाडू खरेदीच्या ठरलेल्या मुदतींत) खेळाडूंचा एवढा लोंढा आला होता की कोणालाही अकरा जण ठरवणं कठीण गेलं असतं. दुसरीकडे ब्रायटनने पॉटरच्या जागी दे झेर्बींना आणलं आणि त्याच मोसमात सहावे येऊन पहिल्यांदा युरोपात धडक मारली. फरक नावात कमी, निवडणाऱ्यांच्या तयारीत जास्त.

आता तुमचे तट. मोठ्या नावाबद्दल फार बोलत नाही. मोठं नाव मोठे खेळाडू मागतं. तुमच्या क्लबकडे ते विकत घ्यायला पैसे असतील तर खुशाल.

जुन्या खेळाडूबद्दल मात्र एक सोपी कसोटी आहे: त्याने मधल्या काळात काम काय केलं? ग्वार्डिओला बार्सिलोनाचे लाडके होतेच, पण २००८ मध्ये मुख्य संघ मिळण्याआधी त्यांनी एक मोसम बी संघाला खालच्या विभागात खेळवून वर आणलं होतं. पिर्लोंना युव्हेंटसने २०२० मध्ये तेवीस वर्षांखालच्या संघासाठी नेमलं आणि त्यांनी तिथे एकही सामना खेळवायच्या आत, दहाएक दिवसांत, मुख्य संघ हातात दिला. सलग नऊ वर्षांची लीग विजेतेपदांची साखळी त्यांच्याच मोसमात तुटली. दोघेही मिडफिल्डमध्ये देखणे खेळायचे. त्याचा या कामाशी संबंध नाही.

तिसऱ्या तटाकडे माझा कल आहे, पण आंधळा नाही. त्यांना एवढंच विचारा: तुमचा हा तरुण कोच आला तर आपल्या आत्ताच्या अकरांपैकी कोण बाकावर जाईल, आणि त्याच्या जागी कोण खेळेल? नावासकट उत्तर मिळालं तर समजा गडी खरंच सामने बघतो. नाही मिळालं तर तोही मागच्याचं औषधच शोधतोय.

राहिला हंगामी माणूस. मॅनेजर काढतात ते संघाची कामगिरी अगदी तळाला गेल्यावर. त्या पडझडीत थोडा दोष मॅनेजरचा असतो, थोडा दुखापतींचा, थोडा कठीण सामने लागोपाठ आल्याचा आणि बराचसा नशिबाचा. नशीब काही कायम इतकं वाईट राहत नाही. त्यात बाकावर कुजलेल्या दोघा-तिघांना नवी संधी मिळते, ते जीव तोडून पळतात. निकाल सुधारतात आणि श्रेय नव्या माणसाला जातं. सोल्शायर आधी हंगामीच होते. त्यांच्या वेळी आम्ही पॅरिसच्या पीएसजीकडून घरी ०-२ हरल्यावर तिथे जाऊन ३-१ जिंकलो, तेव्हा टीव्हीवर आमचाच जुना खेळाडू रिओ फर्डिनंड म्हणत होता की करार समोर ठेवा, आकडा त्याला लिहू द्या. तीन आठवड्यांत, मार्च संपायच्या आत, क्लबने कायमची सही केली. मे महिन्यात शेवटच्या सामन्यात खालच्या विभागात घसरलेल्या कार्डिफकडून घरी ०-२ हरून आम्ही सहावे राहिलो. तेव्हा तुमचा हंगामी माणूस चांगला वाटत असेल तर मोसम संपेपर्यंत त्याला राहू द्या, बाकीच्या नावांबरोबर त्याचीही मुलाखत घ्या. दरम्यान त्याला दुसरीकडे पळवून नेईल असा क्लब सहसा नसतोच.