अन्नातून विषबाधा झाल्यावर छोट्या अँटीबॉडीने विष निकामी करता येतं का?

येतं, पण अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच. उंट-लामांच्या रक्तात हलक्या साखळ्या (नेहमीच्या अँटीबॉडीतले छोटे प्रथिन-धागे) नसलेल्या अँटीबॉडी असतात, हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांचं नुसतं टोक म्हणजे नॅनोबॉडी. वजन नेहमीच्या अँटीबॉडीच्या साधारण दहावा हिस्सा, त्यामुळे विषाच्या रेणूतल्या अरुंद खाचेतही ती शिरते. बोट्युलिनम या, दूषित अन्नात जिवाणू तयार करतात त्या, मज्जातंतूंवर घाला घालणाऱ्या विषावर उंदरांमध्ये चांगले निकाल आलेत, विशेषतः दोन-तीन नॅनोबॉडी एकत्र जोडून दिल्यावर. ग्यानबाची मेख अशी, की विष एकदा मज्जातंतूच्या आत शिरलं की रक्तातली अँटीबॉडी, लहान असो वा मोठी, तिथवर पोचत नाही. शिवाय एवढुसा रेणू मूत्रपिंडातून झटकन निघून जातो. म्हणून एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर लगेच हॉस्पिटल गाठा. या विषबाधेवर, म्हणजे बोट्युलिझमवर, मोठ्यांना आजही घोड्यांच्या रक्तापासून बनवलेलं प्रतिविषच देतात.