दम आला, टाचेचे काय?

दुखापतीनंतर पुन्हा धावायला लागलेल्या किंवा लागू पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या महिन्यात आली. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या उत्तराला अधिक जागा लागली, कारण त्यातली चूक बहुतेकांच्या हातून होते आणि एकेकाळी ती माझ्याही हातून झालेली आहे.

प्रश्न : मी सातारकर असून माझे वय ४७ आहे. दहा-बारा वर्षे धावतो आहे आणि साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन चार वेळा पूर्ण केली आहे. गेल्या वर्षी यवतेश्वरच्या घाटात सराव करताना उजव्या टाचेच्या मागे दुखू लागले. अकिलिस टेंडन, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी शीर, जाड झाल्याचे सोनोग्राफीत दिसले. नऊ महिने धावणे बंद ठेवले आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून चार दिवस सायकल व दोन दिवस पोहणे असे सुरू ठेवले. गेल्या महिन्यात धावण्याची परवानगी मिळाली. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर झाले, दम लागला नाही, म्हणून पुढच्या रविवारी दहा केले. आता सकाळी उठल्यावर पुन्हा तेच दुखणे. माझे काय चुकले?

उत्तर : ‘दम लागला नाही’ या तीन शब्दांतच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. नऊ महिने सायकल आणि पोहणे नेमाने केल्यामुळे तुमचे हृदय आणि फुप्फुसे धावकाचीच राहिली, टाच मात्र त्या काळात धावकाची राहिली नाही. व्यायाम पूर्ण थांबवला तर प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता किती घटते, हे १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात तपासले होते. पहिल्या तीन आठवड्यांत ती सुमारे ७ टक्क्यांनी उतरली आणि आठ आठवड्यांनंतर १६ टक्क्यांच्या घटीवर स्थिरावली. म्हणजे दम लवकर जातो, पण परत सुरुवात केली की काही आठवड्यांत भरूनही येतो. तुमच्या बाबतीत तर तो फारसा गेलाच नव्हता. टाचेमागच्या या जाड शिरेला, जिला जुनी माणसे धोंडशीर म्हणतात, तशी घाई जमत नाही. तिच्यातले तंतू भाराला सरावण्यास महिने घेतात.

सायकलवर त्या शिरेवर येणारा भार किरकोळ असतो आणि पाण्यात तर जवळजवळ नसतोच. धावताना मात्र प्रत्येक पावलाला तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहापट किंवा त्याहूनही अधिक ताण येतो. तुमचे वजन सत्तर किलो धरले आणि पाऊल साधारण मीटरभराचे धरले, तर त्या रविवारी दहा किलोमीटरमध्ये उजव्या टाचेने चारशे किलोंहून अधिक ओढ सुमारे पाच हजार वेळा सहन केली, आणि तीही नऊ महिन्यांच्या सुट्टीनंतर. पूर्णपणे घरी बसलेला माणूस दोन किलोमीटरमध्येच धापा टाकत थांबतो आणि त्यामुळे त्याची टाच वाचते. ज्याने पर्यायी व्यायाम मनापासून केला, त्याला थांबवायला कोणी उरत नाही. सायकल सोडा असे मी मुळीच म्हणत नाही, परंतु किती धावावे हे ठरवण्याचा अधिकार आता छातीकडून काढून घेऊन टाचेकडे द्यावा लागेल.

टाचेचे म्हणणे ऐकण्याची वेळ सकाळची असते. पलंगावरून उतरून न्हाणीघरापर्यंत जाणारी पहिली दहा-बारा पावले कशी पडतात, याकडे रोज लक्ष द्या आणि शून्य ते दहा या मापात एक आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. धावताना दुखले नाही, याला या दुखण्यात फारसा अर्थ नाही, कारण शीर गरम झाली की ती गप्प बसते आणि बिल दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवते. स्वीडनमधील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा रुग्णांना पूर्ण विश्रांती न देता एक सीमा आखून दिली होती : व्यायामाच्या वेळी आणि नंतर दुखणे दहापैकी पाचपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते ओसरले पाहिजे, आणि आठवड्यागणिक दुखणे व ताठरपणा वाढता कामा नये. या पद्धतीने धावत-उड्या मारत राहिलेल्यांची प्रगती, सुरुवातीला धावणे बंद ठेवलेल्यांपेक्षा कमी झाली नाही. मी स्वतः पाचऐवजी तीनची सीमा सांगतो, कारण आपले धावक आकडा सांगताना स्वतःला दोन गुण सवलत देतात.

आता दोन आठवडे धावणे थांबवा, पण टाच मोकळी सोडू नका. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून, कठड्याला एक हात लावून, दोन्ही पायांवर वर जा आणि फक्त उजव्या पायावर भार घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवा. पंधरा-पंधराचे तीन संच गुडघा सरळ ठेवून, तीन संच गुडघा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे, असा हा क्रम स्वीडिश शल्यचिकित्सक हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली मांडला. त्याची हकीकत गमतीची आहे. त्यांची स्वतःची टाच दुखत होती, शीर तुटलेली नसल्यामुळे वरिष्ठ शस्त्रक्रिया करीनात, तेव्हा ती तुटावीच या हेतूने त्यांनी हा जोरकस व्यायाम सुरू केला आणि ती बरी झाली, असे ते सांगत आले आहेत. दिवसाला १८० वेळा टाच उतरवणे नोकरदार माणसाला जड जाते. त्यापेक्षा एक दिवसाआड, पाठीवरच्या सॅकमध्ये वजन घालून, संथपणे आठ ते बारा वेळा केलेले तीन-चार संच पुष्कळांना मानवतात आणि त्यांचा गुणही तितकाच येतो. एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्या. दुखणे शिरेच्या मध्यावर, म्हणजे टाचेच्या हाडापासून दोन-तीन बोटे वर असेल तर टाच पायरीखाली न्यावी. हाडाला शीर चिकटते तिथेच दुखत असेल तर व्यायाम सपाट फरशीवर करावा, कारण टाच खाली गेली की त्या जागी शीर हाडावर दाबली जाते. पोटरीचे जोरदार ताणही अशा वेळी टाळावेत.

पाऊण तास झपझप चालून दुसऱ्या सकाळी आकडा वाढत नसेल आणि उजव्या पायावर टाच उचलण्याची संख्या डाव्याच्या जवळपास आली असेल, ती वीस-पंचवीस असावी, तर पुन्हा सुरुवात करा. पहिल्या दिवशी एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा, इतकेच. चार हाफ मॅरेथॉन केलेल्या माणसाला हे लाजिरवाणे वाटते, ओळखीचे लोक ‘काय, आज चालताय?’ असे विचारतात, त्यांना हसून उत्तर द्यावे. धावण्याच्या दोन दिवसांमध्ये एक दिवस मोकळा सोडा. भार दिल्यानंतरचा पहिला दीड दिवस शिरेत झीज भरीपेक्षा जास्त असते आणि त्यानंतर भर वरचढ होते. मधल्या दिवशी सायकल किंवा पोहणे खुशाल करा. सलग अर्धा तास धावणे यायला सहा ते आठ आठवडे लागले तर ते योग्यच समजावे.

दर आठवड्याला दहा टक्के वाढवण्याचा प्रसिद्ध नियम मी मुद्दामच सांगितला नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे पाचशेहून अधिक नवशिक्या धावकांवर तो तपासला गेला, २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि नियम पाळणाऱ्या गटात व दुसऱ्या गटात दुखापतींचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. नियम वाईट नाही, पण तो तुमची टाच पाहत नाही.

घाट सर्वांत शेवटी. चढावर टाच चवड्यापेक्षा खाली जाते आणि पोटरीला प्रत्येक पावलाला जास्त रेटावे लागते, म्हणून समर्थ मंदिरापासून वर यवतेश्वरकडे जाणारा तुमचा लाडका रस्ता या शिरेसाठी सर्वांत महाग आहे. आधी सपाट अंतर, मग सपाटीवर वेग, आणि मगच चढ. यंदाच्या स्पर्धेची नोंदणी केली असेल तर तिचे पैसे गेले असे धरून चाला. मी स्वतः २०१६ साली नोंदणी वाया जाऊ नये म्हणून कात्रजच्या घाटात सायकलवर मिळवलेल्या दमाच्या भरवशावर तळजाईवर बारा किलोमीटर धावलो होतो आणि पुढचे सात महिने जिना उतरताना कठडा धरत होतो.

आणखी एक. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविके स्नायू हाडाला जोडणाऱ्या अशा शिरा दुबळ्या करू शकतात. जुलाबावर किंवा लघवीच्या संसर्गावर ती आपल्याकडे सहज दिली जातात. डॉक्टरांना टाचेबद्दल आधीच सांगा. टाचेमागे काठी मारल्यासारखा आवाज किंवा झटका येऊन चवड्यावर उभे राहता येईनासे झाले, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील २१ वर्षांची विद्यार्थिनी असून पोलीस भरतीची तयारी करते. रोज दोन वेळा डांबरी रस्त्यावर धावत होते. डाव्या नडगीच्या आतल्या कडेला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक चीर, निघाले. डॉक्टरांनी आठ आठवडे धावणे बंद केले, त्यातले पाच झाले आहेत. आमच्या तालुक्यात तरणतलाव नाही आणि जिमही नावापुरती आहे. अकादमीतले सर म्हणतात, थोडे दुखले तरी चालते. तयारी कशी टिकवू?

उत्तर : सरांचा सल्ला शिरेच्या दुखण्यात काही अंशी चालतो, हाडाच्या चिरेत तो अजिबात चालत नाही. वर सातारच्या वाचकांना दुखण्याची सीमा सांगितली, ती तुमच्यासाठी शून्य आहे. नडगीवर बोटाने दाबले तर दुखू नये, भराभर चालताना दुखू नये, रात्री ठणकू नये. हे साधल्याशिवाय आठ आठवडे पुरे झाले म्हणून धावायला सुरुवात करू नका. चीर नडगीच्या पुढच्या धारेवर असती तर याहून बराच जास्त काळ लागला असता. ती आतल्या कडेला आहे, ही त्यातल्या त्यात बरी बाब आहे.

सायकल गिअरची असण्याची गरज नाही. घरची काळी सायकल सपाट रस्त्यावर तीन मिनिटे जोरात आणि दोन मिनिटे सावकाश, असे पाच-सहा फेरे आठवड्यातून दोनदा चालवलीत तर ८०० मीटरला लागणारा दम बऱ्यापैकी टिकतो. नडगीवर कळ आली तर अर्थातच उतरायचे. पोहता येत असेल आणि शेतातल्या विहिरीला पाणी असेल, तर तरणतलावाचे दुःख करू नका. पाय तळाला लागणार नाहीत इतक्या पाण्यात काखेखाली बंद प्लास्टिकचे कॅन किंवा ट्यूब घेऊन, अंग उभे ठेवून, धावताना चालतात तसेच हातपाय चालवायचे. मोठमोठे खेळाडू कमरेला पट्टा बांधून तलावात हेच करतात. पाण्यात नाडीचे ठोके जमिनीवरच्यापेक्षा दहा-पंधराने कमी पडतात, त्यामुळे घड्याळापेक्षा धापेवरून जोर ओळखावा. मात्र काठावर पोहणारे माणूस उभे असल्याशिवाय विहिरीत उतरायचे नाही, यात सवलत नाही.

शारीरिक चाचणीच्या ५० गुणांपैकी ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण असतात. गोळ्याचे १५ गुण या आठवड्यांत वाढवता येण्यासारखे आहेत. सुरुवात खुर्चीवर बसून, पाय न रेटता, खांदा व मनगटाच्या सरावाने करा.

तुम्ही लिहिलेले नाही, पण विचारणे भाग आहे. वजन घटवण्यासाठी भाकरी कमी केली होती का, आणि पाळी अनियमित किंवा बंद झाली होती का? खर्चाच्या मानाने अन्न कमी पडले की शरीर प्रथम पाळी आणि हाडे यांवरचा खर्च कापते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली याच अवस्थेकडे सर्व खेळाडूंचे लक्ष वेधले होते. तीन महिने पाळी आलेली नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि पोटभर भाकरी, वरण, शेंगदाणे, दूध, अंडी चालत असतील तर अंडी खा. उपवास या काळात नकोत, आईला माझे नाव सांगा. पुन्हा धावाल तेव्हा मातीच्या मैदानावर, एक दिवसाआड आणि दिवसातून एकदाच धावा.

प्रश्न : माझे वय ५५, नाशिक. गुडघ्यातील फाटलेल्या मेनिस्कसची (दोन हाडांमधल्या गादीसारख्या कूर्चेची) दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊन सहा आठवडे झाले. एका धावपटूने अशाच शस्त्रक्रियेनंतर सतराव्या दिवशी मॅरेथॉन जिंकल्याचे मित्र सांगतो. मग मलाच धावण्यासाठी तीन-चार महिने थांबायला का सांगतात?

उत्तर : मित्राची माहिती खरी आहे. अमेरिकेच्या जोन बेनॉइट यांच्या गुडघ्यावर १९८४ च्या एप्रिलअखेरीस दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, सतराव्या दिवशी त्यांनी ऑलिंपिक निवडीची मॅरेथॉन जिंकली आणि त्याच ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला महिलांच्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचे सुवर्णपदक २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत मिळवले. निवडीच्या शर्यतीवेळी त्या २६ वर्षांच्या आणि जगातल्या सर्वांत वेगवान स्त्री मॅरेथॉनपटूंपैकी एक होत्या. शिवाय पाय चालवता येत नव्हते त्या दिवसांत त्यांनी सायकलचे पायडल हातांनी फिरवून दम राखला. यातले हातांनी पायडल फिरवणे तेवढे आपल्याला उचलता येईल.

तुमच्या गुडघ्यात मेनिस्कसचा तुकडा काढला की तो टाके घालून शिवला, हे डिस्चार्ज कार्डवर पाहा, कारण पत्रात ते नाही आणि सारे त्यावरच ठरते. शिवला असेल तर धावण्याला चार ते सहा महिने लागू शकतात आणि खोल उठाबशा तोवर वर्ज्य आहेत. काढला असेल तर गुडघ्याला सूज नाही, तो पूर्ण सरळ होतो आणि शस्त्रक्रिया झालेल्या पायावर खुर्चीतून दहा वेळा उठता येते, इतके जमल्यावर सर्जनना विचारून चालणे-धावणे आलटून पालटून सुरू करता येईल. तोपर्यंत सायकलची सीट थोडी उंच करून घ्या.