झिजलेली दाढ काय सांगते?

प्रश्न : गुरुजी, बैलबाजारात मी तोंड उघडून दात पायतो अन् वय सांगतो. माहा पोरगा म्हनते, शास्त्रज्ञ दाताच्या झिजीवरून लाखो वर्सांआधीच्या मानसाचा जबडा मांडतात. दात झिजला तं माहिती कमी होईन, वाढन कशी? अन् आपल्या इकडं असं काही सापडलं काय?
(एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा)

उत्तर : भाऊ, आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला हे तुम्ही एका नजरेत सांगता, म्हणजे अर्धी विद्या तुमच्याकडे आहेच. फक्त बैलाचे तुम्ही खालचेच दात पाहता. वर समोर त्याला दातच नसतात. जबडा मांडायला मात्र वरखालची जोडी लागते.

गेल्या दिवाळीत मी दाढेवर टोपी बसवून घेतली. डॉक्टरांनी निळा कागद दातांत धरून चावायला लावलं. टोपी जिथे वरच्या दाढेला जास्त टेकत होती तिथे निळे ठिपके उमटले, तेवढंच त्यांनी घासलं. झीज म्हणजे जन्मभर दातांत धरलेला असाच कागद. खालच्या दाढेवरचा गुळगुळीत चट्टा वरच्या दाढेच्या ठरावीक चट्ट्यावरच नीट बसतो. दुसरीकडे ठेवला की डुगडुगतो. नुकत्याच उगवलेल्या दाढेवर ही खूण नसते.

शेजारचे दातही एकमेकांना घासतात. चावताना दात हिरडीत किंचित हलतो आणि बाजूला सपाट ठिकाण पडतं. दोन सुट्या दाढांची ही ठिकाणं जुळली की त्या शेजारणी होत्या हे कळतं, आणि रांग सरळ जाते की वळते याचा अंदाज येतो. तुमची शंका अगदीच चूक नाही बरं. माझ्या आजीने साठ वर्षं जात्यावरच्या पिठाची भाकर खाल्ली, दगडाच्या कचीसकट. तिच्या दाढा पाटासारख्या झाल्या होत्या. तिथे बारीक खुणा उरत नाहीत.

आता फसगत कुठे होते ते पाहा. 1932 साली हिमाचल प्रदेशातल्या शिवालिक डोंगरांत हरितल्यांगरला जी. एडवर्ड लुईस या संशोधकांना वरच्या जबड्याचा तुकडा मिळाला. नाव ठेवलं रामापिथेकस. तुकडा एकाच बाजूचा. दुसरी बाजू आरशातल्यासारखी काढता येते, पण आरसा धरायचा कुठे? टाळूची मधली रेघ चार-पाच मिलिमीटर सरकली तरी दातांच्या कमानीचा आकार बदलतो. 1961 पासून एल्विन सायमन्स यांनी ती कमान आपल्यासारखी गोल मानली आणि हा माणसाचा पूर्वज ठरला. 1973 साली वॉकर आणि अँड्र्यूज यांनी केनियातल्या फोर्ट टर्नानचे रामापिथेकस म्हणून ओळखले जाणारे वरचे-खालचे तुकडे एकत्र बसवून पाहिले. कमान निघाली अरुंद, पुढे निमुळती. पुढे पाकिस्तानात पोटवारला सिवापिथेकस या नामशेष वानराच्या चेहऱ्याचा मोठा भाग सापडला, तो ओरांगउटानच्या वळणाचा. आता रामापिथेकस सिवापिथेकसमध्येच धरतात. मी स्वतः वीस वर्षं वर्गात त्याला पूर्वज म्हणून शिकवलं!

तुमचा दुसरा प्रश्न. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोऱ्याला 1982 साली अरुण सोनाकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला. जबडा नाही, एक दातही नाही. तेव्हा अडाण नदीच्या काठी दगड झालेली दाढ दिसली तर जागेवरच राहू द्या, आधी फोटो काढा. आणि पोराला सांगा, ब्रशने घासून चकचकीत करू नको.