वाचकांचे प्रश्न : राजकीय व्यंगचित्रकार जेव्हा राजकारण सोडतो

प्रश्न : आमच्या वाचनालयातील चर्चेत एका सभासदांनी असे मत मांडले की, व्यंगचित्रकार शंकर यांनी ऐन आणीबाणीत ‘शंकर्स वीकली’ हे आपले व्यंगचित्र-साप्ताहिक बंद केले आणि पुढे मुलांच्या पुस्तकांत व बाहुल्यांत मन रमवले, ही त्यांची माघार होती. हे मत कितपत ग्राह्य धरावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सनावळी समोर ठेवली, तर हे मत टिकत नाही. केशव शंकर पिळ्ळै मूळचे केरळचे. कायद्याच्या शिक्षणासाठी ते मुंबईला आले, ते शिक्षण अर्ध्यावर सोडून त्यांनी नोकरी धरली आणि येथील इंग्रजी वृत्तपत्रांना चित्रे देऊ लागले. १९३२ साली ते दिल्लीला ‘हिंदुस्तान टाइम्स’मध्ये गेले आणि १९४८ साली त्यांनी स्वतःचे साप्ताहिक काढले. आता त्याच्या पुढचेच वर्ष पाहा. १९४९ साली त्यांनी मुलांसाठी चित्रस्पर्धा सुरू केली आणि तिला पुढे आंतरराष्ट्रीय स्वरूप आले. चिल्ड्रन्स बुक ट्रस्टची स्थापना १९५७ ची आहे, तर बाहुल्यांचे संग्रहालय १९६५ चे. याचा अर्थ, ३१ ऑगस्ट १९७५ रोजी साप्ताहिकाचा शेवटचा अंक निघाला तेव्हा मुलांसाठीच्या त्यांच्या कामाला पाव शतक उलटून गेले होते आणि शंकर स्वतः ७३ वर्षांचे होते. अडचणीच्या वेळी कुठेतरी आडोसा शोधावा, तसा हा प्रकार नव्हता. दोन संसार इतकी वर्षे शेजारी शेजारी चालले होते, त्यांपैकी एक त्यांनी आवरता घेतला.

तो आवरतानाही ते गुपचूप निघून गेले नाहीत. निरोपाच्या संपादकीयात त्यांनी लिहिले की, हुकूमशाहीला हसणे परवडत नाही, कारण लोक हुकूमशहालाच हसतील. आणि हिटलरच्या सगळ्या कारकिर्दीत एक चांगली विनोदिका किंवा एक चांगले व्यंगचित्र निर्माण झाले नाही. आणीबाणी जाहीर होऊन जेमतेम दोन महिने झालेले, वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण चालू, अशा वेळी हे शब्द छापून गाशा गुंडाळणाऱ्या माणसाला भित्रा म्हणायला माझे मन धजत नाही. ज्या नेहरूंनी ‘शंकर, मलाही सोडू नका’ असे त्यांना बजावले होते, त्यांच्याच कन्येच्या राजवटीत हे घडावे, हा योगायोग मात्र शंकर यांच्या एखाद्या चित्रातच शोभला असता.

आपल्या सभासदांच्या म्हणण्यातला एक धागा मात्र मी मान्य करतो. ‘शंकर्स वीकली’ हे एकट्या शंकर यांचे नव्हते. अबू अब्राहम, ओ. व्ही. विजयन, कुट्टी अशा कितीतरी व्यंगचित्रकारांचा हात तेथे तयार झाला होता, आणि मालकाने दार लावले की आतली तालीमही बंद होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अबूंनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये न्हाणीच्या टबात बसूनच वटहुकमांवर सह्या करणारे राष्ट्रपती काढले. ते चित्र आजही आणीबाणीची ओळख म्हणून दाखवले जाते, आणि ते काढणारे अबू तेव्हा राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते! तेव्हा त्या काळात चित्र काढणे अशक्यच होते, असेही म्हणता येणार नाही. पण एकाने लढत राहिले म्हणून दुसऱ्याचे थांबणे लबाडी ठरत नाही.

प्रश्न : बाळासाहेब ठाकरे यांनीही व्यंगचित्रकारिता मागे ठेवली. त्यांना याच मालिकेत का बसवू नये?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कारण त्यांची दिशा नेमकी उलटी होती. शंकर राजकीय चित्रातून राजकारणाबाहेर गेले. बाळासाहेब चित्रातून थेट राजकारणात उतरले. ‘फ्री प्रेस जर्नल’मधली नोकरी सोडल्यावर १३ ऑगस्ट १९६० रोजी यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते त्यांच्या ‘मार्मिक’ या व्यंगचित्र-साप्ताहिकाचे प्रकाशन झाले आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. या सहा वर्षांत ‘मार्मिक’मध्ये एकीकडे व्यंगचित्रांची ‘रविवारची जत्रा’ भरत होती आणि दुसरीकडे ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली मुंबईतील आस्थापनांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात होत्या. वाचक चित्रांसाठी अंक घेत असे आणि याद्या वाचून पेटत असे. संघटना उभी राहिल्यावरही त्यांचा कुंचला चालू राहिला, परंतु नेत्याच्या हाती असलेल्या कुंचल्याला एक अडचण येतेच : व्यंगचित्रकाराची जागा खुर्चीसमोर असते, आणि खुर्ची आपल्याच पक्षाकडे आली की समोर बसायचे कोणाच्या, हा प्रश्न पडतो. त्यांच्या राजकारणाविषयी ज्याचे त्याने मत करावे; त्यांच्या रेषेतला जोर पाहिला की, मराठी व्यंगचित्रकलेने त्यात काय गमावले याची हळहळ मला वाटते.

प्रश्न : मी एका जिल्हा दैनिकासाठी वीस वर्षे रोजचे पॉकेट कार्टून काढतो. अलीकडे मन विटले आहे. मुलांसाठी चित्रकथा काढाव्यात असे वाटते, पण मित्र म्हणतात, ‘अशा काळात गप्प बसणार का?’ मी काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मित्रांचा मुद्दा हलका नाही, पण रोज मत बनवण्याची सक्ती हीसुद्धा निरोगी गोष्ट नसते, हे ते विसरतात. अमेरिकेचे थिओडोर गायझेल, ज्यांना जग डॉ. स्यूस या नावाने ओळखते, त्यांनी १९४१ ते १९४३ या काळात न्यूयॉर्कच्या ‘पीएम’ या दैनिकासाठी चारशेहून अधिक राजकीय चित्रे काढली. हिटलरवरची आणि स्वदेशातील वर्णद्वेषावरची त्यांतली कित्येक चित्रे आजही टोचतात. परंतु याच हाताने फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांची रांग स्फोटके घेण्यासाठी लागलेली दाखवली. त्यानंतर काही दिवसांतच ज्या सरकारी आदेशाने त्या समाजाची छावण्यांमध्ये रवानगी झाली, त्याला अशा चित्रांनी कळत-नकळत बळ दिले. पुढे गायझेल सैन्यात गेले आणि युद्धानंतर पूर्णपणे मुलांचे झाले. युद्धोत्तर जपानला भेट देऊन आल्यावर १९५४ साली, इवल्याशा जीवांचा आवाज ऐकणाऱ्या हत्तीची गोष्ट त्यांनी लिहिली आणि क्योटोच्या एका प्राध्यापक मित्राला ती अर्पण केली. दैनिकाच्या घाईत जे त्यांना दिसले नव्हते, ते मुलांसाठी लिहिताना दिसले, असा माझा तर्क आहे.

आपण लगेच राजीनामा द्यावा, असे मी सुचवणार नाही. विजयन दिल्लीत व्यंगचित्रकार म्हणून काम करत असतानाच ‘खसाक्किंटे इतिहासम्’ ही त्यांची मल्याळम कादंबरी १९६९ साली आली. दोन्ही कामे एकाच टेबलावर होऊ शकतात. दैनिकाशी बोलून रोजच्याऐवजी आठवड्यातून दोन चित्रांवर या आणि उरलेल्या दिवशी एक चित्रकथा पुरी करून पाहा. ती जमली नाही, तर मन राजकारणाला विटले नव्हते, कामालाच थकले होते, हे कळेल, आणि मग विश्रांती पुरेल.

आणखी एक. वीस वर्षांची मूळ चित्रे घरात असतील, तर प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि प्रसंग लिहून ठेवा. त्यातला अर्ध्या टोपीचा मंत्री नेमका कोण, हे काही वर्षांनी आपल्यालाही आठवणार नाही.