कोपेश्वरासमोर नंदी का नाही?

गेल्या काही आठवड्यांत कोल्हापूर जिल्ह्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराविषयी अनेक पत्रे आली. त्यांतील प्रश्न एकमेकांशी निगडित असल्याने या वेळचे सदर त्या एकाच मंदिरासाठी राखले आहे.

प्रश्न : आम्ही सहकुटुंब खिद्रापूरला गेलो होतो. शिवमंदिर असूनही तेथे नंदी दिसला नाही. तो आक्रमणात फोडला गेला, की मुळातच नव्हता? गावात एकाने "नंदी यडूरला आहे" असे सांगितले, परंतु त्याचा अर्थ कळला नाही.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्याला गावात जे सांगितले गेले, ते तेथील परंपरेला धरूनच आहे. कथा दक्षयज्ञाची आहे. दक्षाने यज्ञ मांडला आणि सर्व देवांना बोलावणे धाडले, पण जावई शंकर आणि लेक सती यांना वगळले. न बोलावता माहेरी जाऊ नये, असे शंकरांनी समजावूनही सती नंदीवर बसून निघाली. तेथे पतीचा झालेला अपमान सहन न होऊन तिने देहत्याग केला. त्यानंतर वीरभद्राने केलेला यज्ञविध्वंस आणि दक्षाचा शिरच्छेद सर्वांना ठाऊक आहे. पुराणांतील ही कथा कृष्णाकाठच्या लोकांनी आपल्या भूगोलात आणली. यज्ञ झाला तो यडूरला, असे येथे मानतात, आणि त्या गावी वीरभद्राचे प्रसिद्ध मंदिर आहे. हे गाव आज कर्नाटकात, चिकोडीच्या परिसरात येते. कोपलेल्या शंकरांना श्रीविष्णू समजूत घालून खिद्रापूरला घेऊन आले, म्हणून देव कोपेश्वर झाला. सतीला घेऊन गेलेला नंदी मात्र यडूरलाच राहिला. गाभाऱ्यात आपण दोन लिंगे पाहिली असतील. दुसरे लिंग धोपेश्वराचे, म्हणजे समजूत घालणाऱ्या विष्णूचे मानले जाते. विष्णूची पूजा लिंगरूपात व्हावी ही गोष्ट सहसा आढळत नाही. माझ्या मते या क्षेत्राचे खरे वेगळेपण नंदीच्या अभावापेक्षा या दुसऱ्या लिंगात अधिक आहे. पण पाहुण्यांच्या डोळ्यांना आधी खटकते ते रिकामेपण, म्हणून चर्चा नंदीचीच होते.

फोडला गेला का, या शंकेचे उत्तर मंदिराच्या मांडणीतून शोधता येते. येथील हत्ती आणि अनेक मूर्ती भग्न आहेत, त्यामुळे आपली शंका अस्थानी नाही. परंतु पूर्वेकडून येताना, जेथे एरवी नंदीमंडप असावा, नेमक्या त्याच जागी स्वर्गमंडप, म्हणजे मध्यभागी उघड्या छताचा मंडप, उभा आहे आणि त्याच्या मध्यभागी मोठी गोल शिळा बसवली आहे. देवाच्या समोरची ती जागा रचनाकाराने मुळातच दुसऱ्या कामासाठी योजली होती, असे यावरून दिसते. कथा आधीची आणि मांडणी तिच्यानुसार झाली, की मांडणी पाहून कथा जुळवली गेली, हे ठरवण्याचा प्रयत्न मी करणार नाही. मात्र दोन्ही एकमेकींना धरून आहेत.

प्रश्न : स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी उघडे आहे. ते कोसळले आहे, की तसेच ठेवले आहे? त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र बरोबर त्या झरोक्याच्या वर येतो, असे सांगतात. यात तथ्य किती?
— एक शिक्षिका, पुणे

उत्तर : स्वर्गमंडपात एकूण ४८ खांब आहेत. त्यांपैकी आतील १२ खांब वर्तुळाकार उभे असून त्यांच्यावरील छत थराथराने आत झुकत जाते आणि सुमारे १३ फूट व्यासाचे वर्तुळ मोकळे सोडून थांबते. खाली त्याच मापाच्या जवळपासची एकसंध गोल शिळा आहे. वर मयूरारूढ कार्तिकेय आणि आपापल्या वाहनांवर बसलेले अष्टदिक्पाल कोरलेले आहेत. आठ दिशांचे स्वामी भोवती आणि मध्ये मोकळे आकाश, ही योजना पाहिली की मंडपाच्या नावाचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. होमाचा धूर जाण्यासाठी झरोका ठेवला, असे एक मत आहे. मंडपाचे काम अपुरे राहिले, असेही म्हटले जाते. वरचे वर्तुळ आणि खालची शिळा यांचा मेळ पाहता छत हेतुपुरस्सर उघडे ठेवले आहे, याच मताकडे माझा कल आहे.

चंद्राविषयी आपण विचारलेत, याचा विशेष आनंद झाला, कारण ही गोष्ट श्रद्धेवर सोडून द्यावी लागत नाही, ती गणिताने तपासता येते. खिद्रापूरचे अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर आहेत. कार्तिक पौर्णिमा बहुधा नोव्हेंबरात येते आणि त्या काळात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस साधारण १६ ते २१ अंशांवर असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असल्याने तो तितकाच उत्तरेस असतो, म्हणजेच मध्यरात्रीच्या सुमारास तो खिद्रापूरच्या जवळजवळ डोक्यावर येतो. चंद्राची कक्षा सूर्यमार्गाशी सुमारे ५ अंशांचा कोन करते, त्यामुळे दरवर्षी तो काटेकोरपणे खस्वस्तिकी, म्हणजे थेट माथ्यावर, नसतो. काही वर्षी प्रकाशाचे वर्तुळ शिळेवरून थोडे बाजूला सरकलेले दिसेल. तेव्हा तथ्य निश्चित आहे, फक्त "बरोबर" या शब्दाचा आग्रह धरू नये. याच हिशेबाने माघी पौर्णिमेचा चंद्रही येथे माथ्याजवळून जातो. सूर्याचे म्हणाल, तर मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी साडेबाराच्या सुमारास, तो या झरोक्यावर सरळ उभा असतो. ऑगस्टात ढग पाहू देणार नाहीत. मे महिन्यात मात्र आपल्या विद्यार्थ्यांना हे जरूर दाखवावे.

माघी पौर्णिमेचाही चंद्र चालत असताना गर्दी कार्तिकातच का होते, याचे कारण आकाशात नसून पंचांगात आहे. त्रिपुरी पौर्णिमा हा त्रिपुरासुराच्या वधाचा, म्हणून शिवमंदिरांत दिवे लावण्याचा दिवस आहे. शिवाय तिच्या आदल्या दिवशी वैकुंठ चतुर्दशी येते. त्या दिवशी हरिहरभेट मानून शंकराला तुळस आणि विष्णूला बेल वाहण्याचा प्रघात महाराष्ट्रात सर्वत्र आहे. जेथे हरी आणि हर एकाच गाभाऱ्यात शेजारी आहेत, तेथे या दोन तिथींना अधिक अर्थ येणे स्वाभाविक आहे.

प्रश्न : मंदिर शिलाहारांचे की यादवांचे? दोन ठिकाणी दोन नावे वाचली.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कोल्हापूरच्या शिलाहारांनी, विशेषतः गंडरादित्याच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकात, येथे मोठे काम झाले असे सामान्यतः मानतात. यादवांचे नाव येते ते शिलालेखामुळे. मंदिरावरील इ.स. १२१३-१४ चा संस्कृत लेख यादव सम्राट सिंघण याचा असून त्यात कोपेश्वराच्या पूजेसाठी कूडलदामवाड हे गाव दिल्याची नोंद आहे. आता या वर्षाकडे नीट पाहावे. पन्हाळ्याचा शिलाहार राजा दुसरा भोज हा सिंघणाकडून पराभूत झाला तो याच्या अगदी थोडा आधी. नवा मुलूख हाती येताच विजेत्याने तेथील देवाला गाव लावून द्यावे, यात भक्ती असेलच, परंतु राज्य बदलले तरी देवाचे उत्पन्न चालू राहील हे प्रजेला दिलेले आश्वासनही त्यात आहे. देवस्थान आधीपासून नावाजलेले नसते, तर हे दान येथे का झाले असते? म्हणून दोन्ही नावे बरोबर आहेत, केवळ त्यांची कामे वेगळी आहेत. याच गावात आदिनाथाचे प्राचीन जैन मंदिर आहे. कोपेश्वर पाहून परतणारे बहुतेक जण ते न पाहताच जातात, याची खंत वाटते.

प्रश्न : नंदी नसल्यास दर्शन कोठून घ्यावे, आणि प्रदक्षिणा पूर्ण करावी का?
— एक वाचक, कराड

उत्तर : नंदीच्या शिंगांतून दर्शन घेण्याची रीत येथे अर्थातच लागू होत नाही, स्वर्गमंडप आणि सभामंडप ओलांडून थेट गाभाऱ्यासमोर जावे. प्रदक्षिणा इतर शिवालयांप्रमाणे सोमसूत्री, म्हणजे अभिषेकाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ न ओलांडता, तेथवर जाऊन मागे फिरण्याची. ती घालताना नजर खाली, जोत्यावरील गजथराकडे असू द्यावी. मंदिराचा सारा भार पाठीवर घेऊन उभे असल्यासारखे ते हत्ती आणि त्यांच्यावरील आकृती सावकाश पाहण्याजोग्या आहेत. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी गर्दीमुळे हे जमणार नाही. पावसाळ्यात निघण्यापूर्वी कृष्णेच्या पाण्याची चौकशी करावी, कारण शिरोळ तालुक्यात पूर आला की रस्ते बंद होतात.