रपट्याच्या अलीकडे

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

परवा जिन्यात भेटलीस आणि "काकू, मी एकटी कुकडी खाप्याचा धबधबा पाहायला जाऊन राहिली, आईला सांगू नका" एवढं बोलून खाली पळालीस. आईला सांगितलं नाही. पण गप्पही राहवेना, म्हणून हे लिहायला घेतलं. फोनवर बोलले असते तर एका कानानं 'हो काकू, हो काकू' करत तू दुसरंच काहीतरी बघत बसली असतीस. कागद हातात असला की निदान पहिलं पान तरी वाचशील.

जाऊ नको असं मी म्हणणार नाही. सावनेर तालुक्यात मी आरोग्यसेविका होते. बरीच वर्षं लुनावर, खांद्याला व्हॅक्सिन कॅरिअर अडकवून, पांधण रस्त्यांनी एकटीच फिरले. तेव्हा त्याला कोणी 'सोलो ट्रिप' म्हणत नव्हतं, "नर्सबाई आल्या" म्हणत. त्यामुळे पोरगी एकटी निघाली म्हणून तुझ्या आईच्या पोटात जसा गोळा येईल तसा माझ्या येत नाही. मला भीती आहे ती तीन शब्दांची: 'आलोच आहोत तर'.

१९९४ चा ऑगस्ट. एका गावात लसीकरणाचा दिवस होता. गावाच्या अलीकडे नाला आणि नाल्यावर रपटा. रपटा म्हणजे पूल नव्हे. नाल्याच्या तळाशी टाकलेली सिमेंटची पट्टी, पाणी वाढलं की तिच्यावरूनच वाहतं. माझ्या डोक्यावर चक्क ऊन होतं. पाणी घोट्याच्या जरा वर. पलीकडे एक ढोरकी म्हशी घेऊन उभा होता, तो हात हलवून ओरडत होता, "थांबा ना जी नर्सबाई, पाणी वाढून राहिलं!" मी मनात हिशोब केला: कॅरिअरमध्ये चार आइसपॅक, तेही सकाळपासूनचे. लस दोन ते आठ अंशांत राहायला पाहिजे. तिकडे बाया लेकरं मांडीवर घेऊन बसल्या असतील. आलोच आहोत तर जाऊ. आणि घातली लुना पाण्यात.

निम्म्यावर सायलेन्सरमध्ये पाणी शिरलं आणि गाडी बंद. पाय टेकवला तर खाली शेवाळ. तेवढ्यात पाण्याचा रंग बदलला. पातळ चहासारखं होतं ते दाट गढूळ झालं आणि त्यावरून काड्या, पानं, बाभळीच्या शेंगा येऊ लागल्या. ढोरक्यानं काठी पुढे केली. मी लुना सोडली, काठी धरली. पट्टीच्या पलीकडे पोचून मागे पाहिलं तर रपटा दिसतच नव्हता. लुना दुसऱ्या दिवशी दोनशे पावलं खाली बाभळीत अडकलेली सापडली, कॅरिअर कधीच नाही. तीन आठवड्यांनी मेमो आला: शासकीय साहित्याच्या हानीबाबत खुलासा सादर करावा. मी खुलाशात 'अचानक आलेल्या पुरामुळे' असं लिहिलं. खोटं लिहिलं. 'घाईमुळे' लिहायला पाहिजे होतं.

आता हे तुझ्या धबधब्याला कसं लागू पडतं ते सांगते. कुकडी खापा मध्य प्रदेशात, सिल्लेवानीच्या डोंगरात, रामाकोना आणि उमरानाला यांच्या मधल्या पट्ट्यात. तो सगळा काळ्या खडकाचा मुलूख, वर मातीचा थर पातळ. असा खडक पाणी फारसं पीत नाही. वर पडलेला पाऊस घसरत घसरत सरळ नाल्यात येतो. म्हणून तू धबधब्याखाली उन्हात सेल्फी काढत असशील आणि पाणी मागच्या डोंगरावर पडून मोकळं झालेलं असेल. डोक्यावरच्या आभाळाकडे बघून ठरवू नको, वरच्या अंगाला, प्रवाह जिकडून येतो तिकडे बघ. पाणी गढूळ व्हायला लागलं, पानं-काड्या दिसल्या किंवा धबधब्याचा आवाज जड झाला, की चपला शोधत बसू नको. काठावर चढ. जिकडून आलीस त्याच काठावर, दुसऱ्या नाही.

आणि वाहत्या पाण्याला 'एवढंसं तर आहे' म्हणू नको. अर्धा फूट पाणी जोरात वाहत असेल तर धडधाकट माणसाचे पाय उचलतं, फूटभर पाण्यात छोटी कार तरंगायला लागते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. तुला हे समजायला जंगलात जायची गरज नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आपण नागपुरात काय पाहिलं? काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि जिला आपण नाला म्हणून नाक मुरडतो ती नाग नदी लोकांच्या घरात येऊन बसली. हे शहरात, रस्त्यावर दिवे असताना.

छोट्या नाल्याची एक चांगली गोष्ट म्हणजे तो चढतो तसा उतरतोही. वर पाऊस थांबला तर बहुतेक वेळा दोन-तीन तासांत रपटा पुन्हा दिसायला लागतो. म्हणून पिशवीत चिवडा ठेव, पाणी ठेव आणि थांबायची तयारी ठेव. सिमेंटच्या दोन्ही कडा डोळ्यांना दिसत नाहीत तोवर पाय घालायचा नाही. चार जण असतात तेव्हा एखादा भित्रा निघतोच, 'चला बे परत' म्हणणारा. बाकीचे त्याला हसतात आणि त्याचंच ऐकतात. तू एकटी चाललीस म्हणजे तो भित्रा घरीच राहिला. त्याचं काम निघायच्या आधी उरकून घे. दुपारी ३ वाजता मी जिथे असेन तिथून मागे फिरणार, धबधबा दिसला असो वा नसो, हे घरीच कागदावर लिही. जुलैत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, सप्टेंबरच्या शेवटी सहा वाजून गेल्यावर लगेचच. पण दरीत त्याच्या तासभर आधीच अंधारून येतं.

कधी जायचं म्हणशील, तर माझं ऐक आणि जुलै सोडून दे. सगळं नागपूर जुलैत धबधबे बघायला पळतं, मला ते कधी पटलं नाही. सप्टेंबरच्या मध्यावर जा. डोंगर तोवर मुरलेला असतो, धार चांगली असते, आणि पाऊस रोज उठून अंगावर येत नाही. तान्ह्या पोळ्याचा दिवस मात्र टाळ. इथे मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, तिकडे पांढुर्ण्याला गोटमार म्हणजे दगडफेक, आणि रस्त्यावर अर्धे लोक 'घेऊन' असतात. हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आपल्या नागपुरातच आहे, त्यांचा इशारा आदल्या रात्री आणि पहाटे असा दोनदा बघ. त्यांच्या भाषेत 'जोरदार पाऊस' म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर. छिंदवाडा जिल्ह्याला तसा इशारा असेल तर त्या दिवशी झोप काढ. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप घे. ॲप चालत नसेल तर चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंदाला एक असे आकडे मोज: तीन आकड्यांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वावरातल्या एकट्या झाडाखाली उभी राहू नको, आणि पाण्यात तर नाहीच.

रस्ता सावनेर, सौंसर, रामाकोना आणि मग घाट. सौंसरपर्यंत काही सांगण्यासारखं नाही, गाडी चालवत राहा. संत्र्याच्या बागा दिसतील, बोली आपलीच ऐकू येईल. सीमा ओलांडली हे पाटीवरून कळतं, माणसांवरून नाही. पेट्रोल सौंसरलाच भर. पूर्वी आम्ही इतवारीहून नॅरोगेजनं जायचो, डब्यात कोंबड्यापण असायच्या. ती गाडी २०१५ साली बंद झाली, आता ब्रॉडगेज आहे. असो, म्हातारपणी विषय भरकटतो.

अडचण हायवे सोडल्यावर सुरू होते. तू तुझी स्कूटर नेणार असशील तर तिचे दोष समजून घे. चाकं लहान, म्हणून जो खड्डा मोटरसायकल गिळून टाकते त्यात स्कूटरचं चाक आख्खं उतरतं. पोट खाली, दगडाला घासतं. आणि उतारावर गिअर नसल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक दाबून धरू नको. दाब, सोड, दाब, सोड. गिट्टीवर पुढचा ब्रेक एकटा कधीच मारायचा नाही, चाक घसरलं की थेट तोंडावर. पाणी पट्ट्याच्या (बेल्टच्या) डब्यात शिरलं तर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. आणि पाण्यात बंद पडली तर लगेच बटण दाबत बसू नको, ढकलत कोरड्यावर आण. भावाची मोटरसायकल मिळत असेल आणि ती तुला नीट चालवता येत असेल, तर तीच ने.

काळ्या मातीबद्दल मात्र मनापासून सांगते, कारण तिनं मला रडवलंय. ओली झाली की ती चाकाला चिकटते, मडगार्डमध्ये जाऊन घट्ट बसते आणि चाक फिरेनासं होतं. मी दर शंभर पावलांना उतरून बाभळीच्या काडीनं खरवडायचे. काटे टोचलेले ते हात, आणि त्याच हातांनी पुढच्या घरात लेकराला सुई. तेव्हा पांधणीवर ओली काळी माती दिसली की गाडी पुढे नेऊ नको. लाल मुरूम असेल तर हळूहळू जा.

गाडी जंगलात लपवून ठेवायची नाही. गावाच्या शेवटच्या घरी लाव. तिथल्या बाईला सांग, "मावशी, तीन-चार वाजेपर्यंत येते, गाडी राहू द्या." पाणी माग, दोन मिनिटं बस. ही ओळख नुसती गोड बोलण्यापुरती नसते. तुझी गाडी त्यांच्या अंगणात उभी आहे म्हणजे अंधार पडल्यावर तुझी आठवण काढणारं कोणीतरी आहे. झाडीत लावलेल्या गाडीची आठवण कोणालाच येत नाही. अंतर विचारशील तर "हे काय, इथंच" म्हणतील. त्यावर जाऊ नको, 'जाऊन यायला किती वेळ लागतो' असं विचार. आणि 'नाला काल कुठपर्यंत आला होता' हेही विचार, त्यांना विताविताचं माहीत असतं.

"एकटीच?" असं विचारतीलच. बायांनी विचारलं तर खरं सांग. रस्त्यात गाडी थांबवून कोणी पुरुष विचारेल तर "मागून येऊन राहिले सगळे" म्हण आणि चालती हो. हे खोटं मी कित्येक वर्षं बोलले, मला त्याचं काही वाटत नाही. रविवारी दारूच्या बाटल्या घेऊन पोट्ट्यांची टोळकी येतात, आडवारी अगदीच शुकशुकाट असतो. मी तुझ्या जागी असते तर शनिवारी पहाटे निघाले असते आणि टोळकी उगवायच्या आत परतीला लागले असते.

धबधबा उंचीनं साठेक फूट आहे. गणिताची आवड आहे ना तुला? साठ फुटांवरून सुटलेला दगड खाली यायला दोन सेकंदही घेत नाही, आणि पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास असतो. धारेबरोबर दगड येतात, फांद्या येतात, आणि फेसात त्या दिसत नाहीत. म्हणून धारेखाली डोकं धरायचं नाही, कितीही छान फोटो येत असला तरी. डोहात उतरायचं नाही. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, ते अंगाला नेहमीच्या पाण्यासारखं उचलून धरत नाही; पोहता येणारेही तिथेच जातात. कड्याला आग्या मोहोळ लोंबत असेल तर लांबूनच हात जोड. अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको.

साप चावला तर, खरं तर घोट्याच्या वर जाणारे बूट घातलेस आणि हात कुठेही घातला नाहीस तर सहसा चावणार नाही. तरी चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. हात-पाय हलवू नको, घड्याळ बघून वेळ लक्षात ठेव आणि कोणाला तरी हाक मारून सरकारी दवाखाना गाठ. १०८ दोन्ही राज्यांत लागतो, ११२ सुद्धा. पण दरीत फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून रेंज असेल तिथूनच मला मेसेज टाकायचा: कोणता रस्ता, गाडी कोणाकडे, परत किती वाजता. आईला नको सांगू म्हणतेस, ठीक आहे, मला सांग. संध्याकाळी साडेसातपर्यंत तुझा फोन आला नाही तर मात्र मी तुझ्या आईचं दार वाजवणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

त्या ढोरक्याची काठी माझ्याकडेच राहिली. त्यानं परत घेतलीच नाही, "राहू द्या जी, तुम्हालेच लागन" म्हणाला. वेळूची आहे, दाराच्या मागे उभी असते. तू तिला वाळत घालायची काठी समजतेस ती तीच. खालून अर्ध्या फुटावर लाल रंगाचा पट्टा आहे, तो मी मेमोचा खुलासा लिहिला त्या दिवशी मारला. नाल्यात आधी काठी उतरव. पट्टा बुडाला तर मागे फिर.

शुक्रवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा. स्कूटरला आडवी बांधू नको, ट्रकवाले शिव्या देतात. उभी बांध, पाठीमागे. आणि परत आणून दे, मला कपडे वाळवायलाही लागते ती.

तुझी,
तिसऱ्या मजल्यावरची काकू