बुटाची शिलाई कॅमेरा करेल का? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात बुटाच्या कारखान्यात कॅमेरा लावून होणाऱ्या शिलाईबद्दल चार ओळी टाकल्या होत्या. तर त्यावर एवढे प्रश्न आले की हा महिना त्यातच जाणार. सगळे घेता येणार नाहीत, एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : आमचं चेंबूरला ठक्करबाप्पा कॉलनीत अप्पर, म्हणजे बुटाचा वरचा भाग, शिवायचं छोटं युनिट आहे. एक मशीनवाला सांगून गेला की कॅमेरावालं मशीन घ्या, पीस नुसता टाकायचा, मशीन स्वतः बघून शिवतं. खरंच असं असतं का? घ्यावं का? (एक ताई, चेंबूर)

ताई, तो खोटं बोलला नाही, पण अर्धंच बोलला. आपोआप शिवणारं मशीन ही काही आजची गोष्ट नाही. ज्युकीची एएमएस, ब्रदरची बीएएस ही मशीनं कितीतरी वर्षं बाजारात आहेत, लोक त्यांना सरळ कॉम्प्युटर मशीन म्हणतात. त्यात सुई जागेवरच वर-खाली होते आणि खालचा क्लॅम्प पीस घेऊन चारी बाजूंना फिरतो, प्रोग्रॅम भरला की कुठला टाका कुठे पडणार ते ठरलेलं. फक्त एक आहे, ते मशीन आंधळं असतं. पीस अर्धा सेंटीमीटर सरकलेला असला तरी ते आपलं ठरल्या जागीच शिवत जाणार.

म्हणून तर पॅलेट लागतं. प्लास्टिकच्या शीटमध्ये पीसच्या मापाचा खाचा आणि शिलाईच्या रेषेवर चीर. कारीगर त्यात व्हॅम्प म्हणजे अप्परचा पुढचा भाग बसवतो, वर टो-कॅप म्हणजे बोटांवरचा तुकडा ठेवतो, टेपने नाहीतर सोल्युशनने चिकटवतो, झाकण पाडतो आणि मग मशीनमध्ये सरकवतो. आता हिशोब करा, 6 ते 10 असे पाच साइझ, डावा-उजवा धरून 10 पॅलेट, आणि बुटावर अशा तीन जागी शिलाई असली तर 30. सीझन संपला, डिझाइन बदललं, की तीसच्या तीस पोटमाळ्यावर.

कॅमेऱ्याचा खरा फायदा इथे आहे. तो पीसचा फोटो काढतो, कड शोधतो, ही कड डिझाइनमधल्या कडेपेक्षा किती सरकलीय आणि किती वळलीय ते काढतो आणि शिलाईची रेषा तेवढीच सरकवून देतो. म्हणजे पॅलेट अगदी मापात नसलं तरी चालतं, एकच साधं पॅलेट बऱ्याच साइझना पुरतं, आणि पेस्टिंगमध्ये थोडं वाकडं चिकटलेलं असेल तरी टाका कडेपासून सारख्या अंतरावर पडतो.

पण "पीस नुसता टाकायचा" हे जे तो म्हणाला ना, तो टाकणार कोण? तुमचाच कारीगर. सगळं घोडं तिथेच अडलंय. पत्रा उचलणं सोपं, तो उचलला तरी पत्राच राहतो. कातडं उचललं की लोंबतं, कापड उचललं की एकाच्या जागी दोन येतात, आणि जाळीच्या कापडावर व्हॅक्युम लावला तर हवा आरपार जाते. नायकीने 2011 मध्ये अमेरिकेत ह्या विषयावर पेटंटचे अर्ज केले, कॅमेऱ्याने बुटाचा भाग ओळखायचा, तो कुठल्या कोनात पडलाय ते बघायचं आणि व्हॅक्युमने उचलून दुसऱ्या भागावर नेमका ठेवायचा. 2013 मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या ग्रॅबिट नावाच्या कंपनीत पैसे घातले, ती स्थिर विजेच्या ओढीने कापडाचे तुकडे उचलायची, केसांवर घासलेल्या फुग्याला कागदाचे कपटे चिकटतात तसं. एवढ्या मोठ्या कंपनीला नुसत्या उचलाउचलीसाठी एवढं करावं लागलं, यावरूनच काय ते समजा.

घ्यायचं का, तर तुमचे लॉट केवढे असतात त्यावर आहे. एकाच डिझाइनचे हजारो जोड सलग निघत असतील तर विचार करा. दर आठवड्याला नवीन डिझाइन आणि लॉट दोन-तीनशेचा असेल तर माझ्या मते नको, त्यापेक्षा साधं कॉम्प्युटर मशीन बघा आणि त्यावर वेलक्रोचा पट्टा, लेबल, टो-कॅपवरची नक्षी अशी ठरलेली कामं टाका. आणि डेमो बघायला जाल तेव्हा त्याच्या टेबलावरचा कडक पांढरा सँपल शिवून बघू नका. तुमचा सगळ्यात त्रासदायक पीस घेऊन जा, मऊ काळं लेदर आणि खाली काळंच अस्तर, आणि म्हणा आता हे शिव.

प्रश्न : डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये कॅमेऱ्याने बुटाच्या पीसची कड शोधून शिलाईची रेषा काढतोय. एका टोकाला बरोबर येते, दुसऱ्या टोकाला एक मिलिमीटर सरकते. शिवाय काळ्या लेदरवर कड दिसतच नाही. (एक विद्यार्थी, पुणे)

अरे, प्रश्न झकास आहे, कारण सगळं दुखणं एका टोकालाच आहे आणि त्यावरूनच निदान करता येतं. दोन्ही टोकांना सारखंच सरकलं असतं तर मी म्हटलं असतं कॅमेरा आणि सुई ह्यांच्यातलं अंतर चुकीचं भरलंयस. एकीकडे बरोबर आणि दुसरीकडे चूक म्हणजे पहिला संशय कोनावर. तुझा पीस 200 मिलिमीटर लांब धर, आणि कोन फक्त 0.3 अंशाने चुकला, तरी लांबच्या टोकाला एक मिलिमीटरचा फरक पडतो. बुटाची शिलाई कडेपासून दीड-दोन मिलिमीटरवर असते, म्हणजे अर्धी जागा तिथेच गेली. कोन काढताना कडेचा छोटासा तुकडा घेऊ नकोस, पूर्ण आकृती घे, किंवा एकमेकांपासून जास्तीत जास्त लांबच्या दोन खुणा पकड.

दुसरा संशय उंचीवर, आणि हा बहुतेकांना लवकर सुचत नाही. तू कॅलिब्रेशन, म्हणजे फोटोतलं माप खऱ्या मापाशी जुळवणं, केलंस ते चौकटीचा कागद टेबलावर ठेवून, बरोबर? पण लेदर, त्याखाली अस्तर, त्याखाली पॅलेट, असं करत वरची कड टेबलापासून 4 मिलिमीटर वर आली. कॅमेरा 600 मिलिमीटर उंचीवर असेल तर मधोमध काही फरक पडणार नाही, पण मध्यापासून 150 मिलिमीटर लांबचा बिंदू फोटोत जवळजवळ 1 मिलिमीटर बाहेर सरकलेला दिसतो. गणित साधं आहे, 150 गुणिले 4 भागिले 600. उपाय पण साधा, चौकटीचा कागद लेदरच्याच उंचीवर ठेवून परत कॅलिब्रेट कर. कॅमेरा दुप्पट उंच नेलास तर ही चूक निम्मी होते, पण मग तेवढाच भाग दिसायला लेन्स बदलावी लागेल.

जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊ का असं तू खाली विचारलंयस. नको रे, पैसे वाचव. 300 मिलिमीटर जागा 3000 पिक्सेलमध्ये येत असेल तर एक पिक्सेल 0.1 मिलिमीटरचा झाला, एवढं पुरे.

आता काळ्यावर काळं. इथे सॉफ्टवेअरशी झटापट करण्यात आठवडे जातात आणि उत्तर असतं दिव्यात. वरून लख्ख उजेड टाकलास तर लेदर चकाकतं आणि कड पुसली जाते. दिवा अगदी खाली, टेबलाला जवळजवळ समांतर लाव, म्हणजे वरच्या पीसच्या कडेची बारीक सावली खालच्यावर पडते आणि ती सावली कॅमेऱ्याला सापडते. ज्या बाजूला सावली पडत नाही तिथली कड सुटते, म्हणून दिवे चारी बाजूंना लावून एकेक पेटवत फोटो घे. दुसरा मार्ग इन्फ्रारेडचा. रंगात बुडवून काळी केलेली बरीच लेदर डोळ्याला काळी असली तरी 850 नॅनोमीटरच्या उजेडात फिकट दिसतात, तर काजळीचा रंग वरून मारलेलं लेदर तिथेही काळंच राहतं. म्हणजे एक काळं उजळ आणि दुसरं काळंच असं निघालं तर तुझं काम फत्ते. दोन्ही सारखीच निघाली तर मात्र सावलीवरच ये.

अजून एक, तू लिहिलं नाहीस पण विचारतोच. फोटो कधी काढतोस? क्लॅम्प बसायच्या आधी काढत असशील तर सगळी मेहनत पाण्यात, कारण क्लॅम्प खाली येताना मऊ पीसला ढकलतो. आधी दाबून घे आणि मग चिरेतून दिसेल तेवढ्या कडेचा फोटो काढ. कड कमी दिसेल, पण जी दिसेल ती खरी असेल.

प्रश्न : आदिदासने जर्मनीत रोबोटवाला बुटांचा कारखाना काढल्याचं वाचलं होतं. मग शिवणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या का? (एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

सर, गेला तो कारखानाच. स्पीडफॅक्टरी नाव होतं, एक जर्मनीत आन्सबाखला आणि दुसरा अमेरिकेत अटलांटाजवळ. आन्सबाखला वर्षाला 5 लाख जोड काढायचा बेत होता, ऐकायला मोठा आकडा, पण आदिदासचे तेव्हा वर्षाला 40 कोटींच्या आसपास जोड निघत होते. नोव्हेंबर 2019 मध्ये त्यांनी जाहीर केलं की एप्रिल 2020 पर्यंत दोन्ही बंद करणार आणि हे तंत्र आशियातल्या आपल्या दोन पुरवठादारांकडे नेणार. नायकीनेही मेक्सिकोत ग्वादलाहाराला फ्लेक्स ह्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या कंपनीबरोबर ऑटोमॅटिक कारखाना उभारला होता, तो करार 2018 च्या अखेरीस संपला.

का झालं असं? एक तर स्पीडफॅक्टरी विशिष्ट घडणीचे रनिंग शूज छान काढायची, पण साधा लेदरचा बूट आणि रबरी सोल म्हटलं की तिथे गाडी अडायची. आणि बूट म्हणजे फॅशन, दर सीझनला भाग बदलणार. माणसाला नवीन पीस दाखवला की दहा जोडांत हात बसतो, मशीनची मात्र पहिल्यापासून तयारी.

शिवाय अप्परची शिलाई सपाट असते तोवरच हे कॅमेऱ्याचं जमतं. मागची टाचेची शिवण मारली की अप्पर वाटीसारखं गोल होतं आणि पोस्टबेड मशीनवर जातं, ते खांबासारखं उभं असतं ना ते. तिथे शिवणाऱ्या बाईचे हात बघा कधी. वरचा पीस खालच्यापेक्षा थोडा लांब असतो, मुद्दामच, आणि वळणावर ती तो जास्तीचा भाग बोटाने हळूहळू आत घालत जाते, चुणी पडू देत नाही. कड तिला दिसतेच, पण ओढ किती आहे ते तिला बोटांत कळतं, आणि कॅमेऱ्याला ओढ दिसत नाही. म्हणून ऑटोमॅटिकवाले शक्य तेवढं सगळं सपाट असतानाच शिवून घेतात आणि टाचेची शिवण शेवटी ठेवतात.

तरीपण हे कधीच होणार नाही असं मी म्हणणार नाही हं. अप्पर फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ओढून बसवणं हे फक्त हातानेच होऊ शकतं असं अमेरिकेत लिन गावातले कारागीर छातीठोकपणे सांगायचे, दिवसाला एक माणूस 50 जोड करायचा. 1883 मध्ये यान मॅत्झेलिगर ह्या सुरिनामहून आलेल्या कामगाराने ह्याच कामाच्या मशीनचं पेटंट घेतलं आणि ते मशीन काही शे जोड करायला लागलं. शिलाईत सध्या होतंय काय, तर काम जाण्यापेक्षा शिलाईच कमी होतेय. नायकीचं फ्लायनिट 2012 मध्ये आलं, अप्पर जवळजवळ अख्खं एका तुकड्यात विणलेलं. बाकीच्यांनी पण जोडायचे तुकडे कमी केले, काही ठिकाणी टाक्याऐवजी उष्णतेने चिकटवायला लागले. मला विचाराल तर शिवणाऱ्याला धोका कॅमेऱ्यापेक्षा त्या विणकामाच्या मशीनचा जास्त.

प्रश्न : मग आमच्या कोल्हापुरीला पण असं मशीन येईल का? (बरेच जण, कोल्हापूर आणि आसपास)

शिलाईसाठी? कठीण आहे राव. एक तर ती दोऱ्याने नाही, चामड्याच्या वादीने शिवतात, आरीने भोक पाडायचं आणि वादी ओवून ओढायची, आणि कातडं एकाच तळव्यात इकडे जाड तिकडे पातळ. वेणी तर विचारूच नका. आणि 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, ते ह्या हातकामाच्या जिवावरच मिळालंय, तिथेच मशीन घुसवून काय मिळवणार?

कॅमेरा लावायचाच असेल तर कटिंगला लावा. कातडं टेबलावर पसरायचं, व्रण, गोचिडाचे डाग, पातळ पोटाकडचा भाग ह्यांच्यावर खडूने खुणा करायच्या, फोटो काढायचा आणि उरलेल्या जागेत तळवे, पट्टे, कान कसे बसवले तर कातडं कमी वाया जाईल ते सॉफ्टवेअरने काढायचं. लेदरच्या मोठ्या कारखान्यांत हे रोज चालतं. चार-पाच घरांनी मिळून केलं तर परवडेल असं वाटतं, कोणी आधीच करत असेल तर आम्हाला कळवा, पुढच्या अंकात छापू.